मुक्या सोबत्याची रक्षा आणि दिवाबत्तीची सोय

घरातले माणूस गेले म्हणजे पुढे काय करावयाचे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. शेजारीपाजारी जमतात, चार जाणते गृहस्थ पुढे होतात, गुरुजींना निरोप जातो, तिसऱ्या दिवशी रक्षा सावडली जाते आणि दहाव्याला घाटावर पिंड ठेवला जातो. दुःख मोठे असते. पण त्याला चालावयास वाट आखलेली असते. घरातले कुत्रे किंवा मांजर गेले म्हणजे मात्र अशी आखलेली वाट नसते. बारा-तेरा वर्षे जे दारात वाट पाहत बसले, ज्याने घरातली मुले लहानाची मोठी होताना पाहिली, त्याच्यासाठी पंचांगात विधी नाही आणि घाटावर जागा नाही.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. वाड्याला परसू असे, शेताला बांध असे. तेथे खड्डा खणावा, वर चार दगड ठेवावेत, मुलांनी दोन फुले वाहावीत आणि संपले. आता शहरात परसूही नाही आणि बांधही नाही. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाने खड्डा कोठे खणावा? म्हणून महानगरपालिकांना या कामात लक्ष घालावे लागले. मुंबई महानगरपालिकेने २०२३ साली मालाड येथे पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारे दहनगृह सुरू केले. इतर शहरांतही अशा सोयी होत आहेत. या सोयीबरोबर एक नवा प्रश्न घरात आला आहे. दहनानंतर हातात एक लहानसे मडके येते. त्यात ओंजळ-दोन ओंजळी रक्षा असते. हे मडके घेऊन जावयाचे कोठे?

एकाच घरात तीन मते पडतात. आजी म्हणते, नदीत सोडा. माणसाचे करतो तेच त्याचे करा. मुलगा म्हणतो, झाड लावू आणि त्याच्या मुळाशी घालू. धाकटी मुलगी म्हणते, कोठेही नेऊ नका, माझ्या कपाटात राहू द्या. तिघांनाही एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे कायमची जागा. जी उद्या कोणी हलवणार नाही, विकणार नाही, विसरणार नाही. हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. परंतु माणसाने आपल्या मुक्या सोबत्यासाठी कायमची जागा निवडण्याचा खटाटोप हजार वर्षांहून अधिक काळ केलेला आहे. त्याचे दगड आपल्या मुलखातही उभे आहेत आणि परमुलखातही. त्यांतल्या कोणत्या जागा टिकल्या, कोणत्या टिकल्या नाहीत आणि का, एवढेच आज आम्हांस पाहावयाचे आहे. उत्तर मिळालेच तर ते मडके हाती घेऊन उभ्या असलेल्या घराच्या उपयोगी पडेल.

आरंभ घरापासून करू. साताऱ्याच्या पूर्वेस माहुली येथे कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. रामशास्त्री प्रभुण्यांचे हे गाव. येथील घाट, देवळे आणि सातारकर छत्रपतींच्या घराण्यातील समाध्या प्रसिद्ध आहेत. त्यांच्यातच एका कुत्र्याची समाधी दाखविली जाते. हा कुत्रा थोरल्या शाहू महाराजांचा. त्याचे नाव खंड्या. लहानपणापासून सतरा-अठरा वर्षे मोगलांच्या छावणीत कैदेत काढलेला हा राजा १७०७ साली सुटून आला, १७०८ साली साताऱ्यास गादीवर बसला आणि १७४९ साली वारला. शिकारीचा, बागांचा आणि पशुपक्ष्यांचा त्याला मोठा नाद. एकदा वाघापासून या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचविला, म्हणून महाराजांनी त्याला जहागिरीची सनद करून दिली आणि पालखीचा मान दिला; एका दरबारी प्रसंगी तर त्याला जरीची वस्त्रे व जवाहीर घालून आपले पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले, अशी हकीकत ग्रँट डफने नोंदविली आहे. डफ हा १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी होता आणि त्याचा इतिहासग्रंथ १८२६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे शाहूंच्या मृत्यूला तेव्हा पाऊणशे वर्षे लोटली होती. तेव्हा हकीकतीचा तपशील किती खरा आणि किती साताऱ्याच्या ओट्यावर वाढलेला, याबद्दल इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे सावध राहावे हे बरे. परंतु कुत्र्यावर राजाचा लोभ होता आणि लोकांनी तो लक्षात ठेवला, एवढे तरी त्यातून निश्चित निघते.

आता या गोष्टीतील जमाखर्च मांडून पाहू. खंड्याला मिळालेल्या मानांपैकी आज काय उरले? पालखी गेली, जहागीर गेली. सनदा देणारे राज्यच १८४८ साली खालसा झाले. पुढे तर माणसांची इनामेही राहिली नाहीत. मुंबई राज्यात १९५२ च्या कायद्याने व्यक्तिगत इनामे संपली. राहिला तो संगमावरचा एक दगड. आणि तो राहिला तो राजाच्या हुकुमामुळे राहिला असे आम्हांस वाटत नाही. संगमावर लोक स्नानाला येतात, श्राद्धाला येतात, अस्थी घेऊन येतात. येणाऱ्याला जाणकार बोट दाखवून सांगतो की हा शाहू महाराजांचा कुत्रा. दगड लोकांच्या पायवाटेवर होता, म्हणून डोळ्यांआड झाला नाही. हीच समाधी एखाद्या बंद वाड्याच्या मागच्या अंगणात असती, तर वाड्याबरोबर तीही ढिगाऱ्यात गेली असती.

दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आणि म्हणूनच नाजूक आहे. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाजवळ शिवाजी महाराजांची समाधी आहे आणि तिच्यापासून जवळच उंच चौथऱ्यावर वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. महाराजांच्या चितेत या इमानी कुत्र्याने उडी घेतली, अशी कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. ही कथा हृदयाला भिडते. परंतु समकालीन कागदपत्रांत तिला आधार सापडत नाही, महाराजांनंतर थोड्याच वर्षांत लिहिलेल्या सभासदाच्या बखरीतही ती नाही. पुतळा उभा राहिला तो १९३६ साली, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर अडीचशे वर्षांनी. पुढे काय झाले हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे. २०१२ साली काही मंडळींनी तो पुतळा काढून टाकला आणि नंतर तो पुन्हा बसविण्यात आला. २०२५ साली तो हटवावा अशी मागणी नव्याने झाली आणि तिला विरोधही झाला.

या वादात कोणाची बाजू घेण्यासाठी आम्ही हे उदाहरण दिलेले नाही. आपल्या विषयापुरता त्यातून एक बोध मात्र घेण्यासारखा आहे. माहुलीचा दगड लहान आहे. रायगडचा चौथरा उंच आहे, गड महाराष्ट्राच्या मुकुटासारखा आहे आणि शेजार तर असा आहे की त्याहून थोर शेजार कोणी मागू नये. तरीसुद्धा जागा वादात सापडली, कारण त्या चौथऱ्यामागे लेखी नोंद नाही. कोण, केव्हा, कसे गेले हे ज्या काळी घडले त्या काळी कोणी लिहून ठेवले असते, तर पुढच्या पिढ्यांना एकमेकांशी भांडावे लागले नसते. जागा टिकण्यासाठी दगड जितका लागतो, तितकीच नोंदही लागते.

ही नोंद कशी असावी याचा नमुना पाहावयाचा तर आपल्याला कर्नाटकात आणि दहाव्या शतकात जावे लागेल. तेथे जाताना आपण अगदीच परक्या मुलखात जातो असे नाही. त्या काळी महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हींवर राष्ट्रकूटांचे राज्य होते. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. चोळ राजपुत्र राजादित्य हत्तीवरून लढत असता मारला गेला. या लढाईत कृष्णाच्या बाजूने गंग घराण्याचा राजा बूतुग लढत होता आणि बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा एक शूर सरदार होता. त्याचे शौर्य पाहून बूतुग प्रसन्न झाला आणि म्हणाला, हवे ते माग. मणलेराने गावे मागितली नाहीत, हत्ती मागितले नाहीत. त्याने राजाचे काळी नावाचे शिकारी कुत्रे मागितले. पुढे एका टेकडीवर हे कुत्रे एका मोठ्या रानडुकरावर सोडण्यात आले. दोघांची झुंज झाली आणि दोघेही मेले. आज मंड्या जिल्ह्यात असलेल्या आतकूर गावी चल्लेश्वराच्या देवळाशी मणलेराने त्या कुत्र्यासाठी दगड उभा केला. दगडावर कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरलेली आहे आणि भोवती लेख आहे. शक ८७२, म्हणजे इसवी सनाच्या ९४९-५० चा हा लेख आहे.

आपल्याकडे गावोगाव वीरगळ आहेत; गाई सोडवताना, गावावरची धाड परतवताना पडलेल्या वीरांचे ते दगड. आतकूरचा दगड हा त्याच कुळातला, पण कुत्र्याचा. मात्र त्याचे वैशिष्ट्य एवढ्यात संपत नाही. मणलेराने दगड रोवला आणि तो घरी गेला, असे झाले नाही. त्या दगडाच्या पूजेसाठी त्याने जमीन लावून दिली. पूजा करणाऱ्या पुजाऱ्याने दगडाची पूजा केल्यावाचून जेवू नये. जेवला तर कुत्र्याचे पाप त्याच्या माथी, असे त्याने लेखात घालून ठेवले. जमीन कोणी बुडवील, मग तो कुणबी असो की गावाचा धनी असो की प्रांताचा अधिकारी असो, त्यालाही तेच पाप. ज्या कुत्र्यासाठी राजाकडे शब्द टाकला, त्याच्याच पापाची धमकी पुढच्यांना द्यावी यात थोडी गंमत आहे खरी. परंतु त्या धमकीमागे माणसाच्या स्वभावाचे जे ज्ञान आहे ते चोख आहे. आपण गेल्यावर या दगडाकडे कोण पाहणार, हा प्रश्न मणलेराला पडला होता आणि त्याचे उत्तर त्याने भावनेवर सोपवले नाही. आपल्या जुन्या कागदांत देवस्थानांना इनाम देताना दिवाबत्तीसाठी असे म्हणत. देव आहे, देऊळ आहे, पण तेलाची सोय नसेल तर गाभारा अंधारात राहतो, हे देणाऱ्याला ठाऊक असे. मणलेराने आपल्या कुत्र्याच्या दिवाबत्तीची सोय केली.

आणि तरीही, आज तो दगड आतकूरला नाही. बेंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे. लावून दिलेली जमीन, पुजारी, जेवणाआधीची पूजा हे सगळे काळाच्या पोटात गेले. परंतु दगडावर अक्षरे होती, म्हणून अभ्यासकांना त्याची किंमत कळली. राष्ट्रकूट आणि चोळ यांच्या इतिहासाचे ते एक महत्त्वाचे साधन ठरले आणि ते जपले गेले. जागा सुटली, पण नोंदीने दगडाला वाचवले. हजार वर्षांहून अधिक काळ एका कुत्र्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, याहून मोठा कायमपणा कोणता?

येथवर आपण पाहिले ते राजे आणि सरदार आपल्या कुत्र्यांसाठी जागा करून देणारे होते. युरोपात असे दोन पुरुष झाले की ज्यांनी स्वतःचीच शेवटची जागा आपल्या कुत्र्यांशेजारी निवडली. त्यांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे.

पहिला इंग्रज कवी बायरन. त्याचा बोट्स्वेन नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा १८०८ साली पिसाळून मेला. बायरनने न्यूस्टेड ॲबी या आपल्या वडिलार्जित वास्तूच्या बागेत त्याचे संगमरवरी स्मारक केले. आपल्यालाही याच तळघरात पुरावे, असे त्याने १८११ च्या मृत्युपत्रात लिहिले. पण पुढे कर्ज वाढले आणि १८१७ साली वास्तू विकावी लागली. मालकी गेली, तिच्याबरोबर शेजारी झोपण्याचा हक्कही गेला. १८२४ साली बायरन ग्रीसमध्ये वारला. त्याचा देह इंग्लंडात आणून हकनॉल गावच्या चर्चमध्ये घराण्याच्या तळघरात ठेवला. कुत्रा मात्र होता तेथेच राहिला, परक्याच्या जमिनीत. सुदैवाने पुढचे मालक रसिक निघाले, आणि १९३१ साली ती वास्तू नॉटिंगहॅम शहराला देणगी म्हणून मिळाली. आज त्या स्मारकाची निगा राखण्याची जबाबदारी नगराची आहे. जी गोष्ट कवीच्या मालकीने साधली नाही ती नगराच्या मालकीने साधली.

दुसरा पुरुष प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा, ज्याला इतिहास थोर म्हणतो. पॉट्सडॅम येथे सांसूसी नावाचा महाल बांधण्यापूर्वीच, १७४४ साली, त्याने तेथील गच्चीवर आपल्यासाठी तळघर करून ठेवले होते. त्याची लाडकी शिकारी कुत्री तेथेच पुरली जात. आपल्यालाही त्यांच्याजवळ, गाजावाजा न करता ठेवावे अशी त्याची इच्छा होती. हा राजा असा की त्याच्या शब्दासरशी युरोपातील सैन्ये हालत. पण १७८६ साली तो वारला आणि त्याच्या पुतण्याने, म्हणजे नव्या राजाने, ती इच्छा बाजूला ठेवली. राजाला कुत्र्यांजवळ पुरणे त्याला शोभेसे वाटले नसावे. फ्रेडरिकला पॉट्सडॅमच्या लष्करी चर्चमध्ये त्याच्या बापाशेजारी ठेवण्यात आले. आणि हा बाप तो, ज्याच्याशी त्याचे जन्मभर पटले नव्हते! दुसऱ्या महायुद्धात ती शवपेटी तेथून हलविली, मग एका मिठाच्या खाणीत लपविली, ती अमेरिकनांना सापडली, मारबुर्गला गेली, १९५२ साली होहेनझोलर्न किल्ल्यात गेली. अखेर १७ ऑगस्ट १९९१ रोजी, राजाच्या मृत्यूनंतर बरोबर दोनशे पाच वर्षांनी, ती सांसूसीच्या गच्चीवर कुत्र्यांशेजारी आली. तोवर कुत्री आपल्या शिळांखाली स्वस्थ होती. धन्याला पोहोचावयास मात्र दोन शतके लागली.

या दोन गोष्टींतून काय दिसते? बायरनच्या हाती मालकीचा कागद होता आणि फ्रेडरिकच्या हाती सत्ता होती. मालकीचा कागद विक्रीबरोबर दुसऱ्याच्या खिशात गेला आणि सत्ता मृत्यूबरोबर पुतण्याच्या हाती गेली. ज्याला वाटते की माझ्या बंगल्याच्या बागेत ठेवले म्हणजे कायमचे झाले, त्याने या दोघांकडे एकदा पाहावे. आज आपल्या शहरांत जुने वाडे आणि बंगले पाडून पुनर्बांधणी चालू आहे. ज्या पेरूच्या झाडाखाली घरातली तीन कुत्री एकामागून एक झोपली, त्या झाडाच्या जागी पाच-दहा वर्षांत मोटारी उभ्या करण्याचे तळघर खणले जाते. बांधकाम करणाऱ्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

मग सामान्य माणसाने काय करावे? त्याच्याजवळ सनद नाही, बाग नाही, संगमरवर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठ्या शहरांपुढे हाच प्रश्न उभा राहिला आणि तेथील नागरिकांनी त्याचे उत्तर एकत्र येऊन शोधले. पॅरिसमध्ये मेलेली कुत्री सेन नदीत फेकली जात. नदीची घाण वाढली. १८९८ च्या कायद्याने मेलेले प्राणी वस्तीपासून शंभर मीटर दूर आणि किमान एक मीटर मातीखाली पुरावेत असे ठरले. लगेच पुढच्या वर्षी, १८९९ मध्ये, जॉर्ज आर्म्वा हा वकील आणि मार्गरीत द्युराँ ही पत्रकार बाई या दोघांनी पुढाकार घेऊन आनिएर येथे सेनच्या काठी प्राण्यांची दफनभूमी उघडली. तेथे श्रीमंतांची संगमरवरी स्मारके आहेत आणि मजुराच्या मांजराची साधी फळीही आहे. ही भूमीही १९८७ साली बंद पडण्याच्या बेतात आली. परंतु आता ती एकट्या धन्याची गोष्ट राहिली नव्हती. लोकांनी आवाज उठवला, सरकारने तिला संरक्षण दिले आणि पुढे तिचा कारभार तेथील नगरपालिकेकडे आला.

न्यूयॉर्कजवळ हार्ट्सडेल येथे त्याआधीच, १८९६ साली, एका पशुवैद्याने आपल्या सफरचंदांच्या बागेत एका बाईला तिचे कुत्रे पुरण्यास जागा दिली होती. एकीला दिली, म्हणून दुसरीने मागितली. पाहता पाहता बागेची दफनभूमी झाली आणि ती आजही चालू आहे. गंमत अशी की पुढे पुष्कळ माणसांनी आपलीही रक्षा तेथेच, आपल्या कुत्र्या-मांजरांजवळ ठेवून घेतली. आणि २०१६ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा करून उलट दिशेचीही सोय केली: दफनभूमीच्या चालकांची हरकत नसेल तर पाळीव प्राण्याची रक्षा माणसाच्या थडग्यात ठेवता येऊ लागली. बायरनला आणि फ्रेडरिकला जे साधले नाही, ते आता तेथल्या एखाद्या निवृत्त कारकुनालाही साधते.

शेवटचे उदाहरण जपानचे. हाचिको या कुत्र्याचे नाव आता आपल्याकडील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तोक्यो विद्यापीठातील शेतकी शास्त्राचे प्राध्यापक उएनो हे मे १९२५ मध्ये कामावर असताना अकस्मात वारले. त्यांचे कुत्रे त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे शिबुया स्टेशनावर त्यांची वाट पाहत राहिले आणि ८ मार्च १९३५ रोजी मेले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की हाचिकोची जागा एक नाही. त्याची रक्षा आओयामाच्या स्मशानभूमीत धन्याशेजारी आहे. त्याचे कातडे पेंढा भरून तोक्योच्या विज्ञान संग्रहालयात ठेवले आहे. आणि त्याचा पुतळा स्टेशनाबाहेर आहे. तो त्याच्या हयातीतच, १९३४ साली उभा राहिला. महायुद्धात धातूची टंचाई पडली तेव्हा पुतळा वितळविला गेला. म्हणजे स्मारक समूळ गेले. पण १९४८ साली, शहर अजून जळिताच्या राखेतून उठत असताना, मूळ शिल्पकाराच्या मुलाच्या हातून तो पुन्हा घडविण्यात आला. धातू टिकला नव्हता. लोकांची आठवण टिकली होती आणि तिने धातू पुन्हा मिळवला.

याच गोष्टीला एक उपकथा आहे. प्राध्यापकांच्या बरोबर संसार केलेल्या याएको या बाईंचे त्यांच्याशी रीतसर लग्न झालेले नव्हते. म्हणून १९६१ साली त्या वारल्या तेव्हा त्यांना त्या थडग्यात जागा मिळाली नाही. कुत्र्याला धन्याजवळ जागा होती. घरच्या बाईला नव्हती! अखेर मे २०१६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी, त्यांच्या रक्षेचा काही भाग तेथे आणून ठेवण्यात आला आणि तिघे एकत्र आले. हे ज्यांनी घडवून आणले त्यांच्यापैकी कोणीही हाचिकोला आपल्या घरी पाळलेले नव्हते. कायमची जागा म्हणजे काय हे आम्हांस या ठिकाणी सर्वांत स्पष्ट दिसते. जेथे मागाहून येणारी, नात्याने परकी असलेली माणसेही अपुरे राहिलेले काम पुरे करतात, ती जागा कायमची.

आता पुन्हा त्या मडक्याकडे वळू. इतक्या उदाहरणांतून तीन प्रश्न हाती लागतात आणि कोणत्याही घराने ते स्वतःला विचारून पाहावेत. पहिला, ही जमीन कोणाची, आणि ती विकली गेली तर काय होईल? दुसरा, आपल्यामागे तेथे कोण जाईल, पाणी कोण घालील, पालापाचोळा कोण काढील? तिसरा, येथे कोण आहे हे कोठे लिहिलेले आहे? तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले तर जागा चांगली. एकाचेही मिळत नसेल तर त्या जागेला कायमची म्हणू नये. तेथे ठेवण्यास हरकत नाही, पण मनाची फसवणूक करून घेऊ नये.

या कसोटीवर घरातील तिन्ही मते तपासता येतात. झाडाचा विचार सुंदर आहे. पण झाड सोसायटीच्या आवारात की रस्त्याच्या कडेला, हे आधी पाहावे. शिवाय रक्षेत मुख्यतः हाडांतील चुन्याचा अंश आणि क्षार असतात. एकाच खड्ड्यात सगळी ओतली तर कोवळ्या रोपाला ती बाधते. भरपूर मातीत मिसळून थोडीथोडी घालावी. कपाटातले मडके मुलीच्या हयातीपर्यंत निर्धास्त. तिच्यामागे ते कोणाचे, हे तिने केव्हातरी सांगून ठेवले पाहिजे आणि मडक्यावर नाव लिहिले पाहिजे. आणि दहनगृहात रक्षा हवी असेल तर दहन स्वतंत्र होणार की अनेकांचे एकत्र, हे आधीच विचारून घ्यावे. नाहीतर ज्या रक्षेवर आपण रडतो ती कोणाची हे देवालाच ठाऊक.

राहिली आजी. नदीत सोडा म्हणणाऱ्या आजीचे मत आम्हांस सर्वांत कमी भाबडे वाटते. आपल्या परंपरेने समाधी थोड्यांना दिली आणि बाकी सर्वांना, राजालाही आणि रंकालाही, पाणी दिले. पाण्याला सोपवताना आपण जागेवरचा हक्कच सोडून देतो. तेथे विक्री नाही, पुतण्या नाही, युद्ध नाही. पहिले दोन प्रश्न तेथे उरतच नाहीत. तिसरा मात्र उरतो आणि त्याचे उत्तर घरातच द्यावे लागते. घराच्या वहीत एक ओळ, एक तारीख, एक नाव. मडके मातीचे असावे आणि त्याच्याबरोबर पिशव्या व हार पाण्यात जाऊ नयेत, एवढे पथ्य पाळले तर नदीवरही अन्याय होणार नाही.

परंतु ज्यांना पाणी नको, जागाच हवी, आणि जागा विकत घेण्याची ऐपत नाही, त्यांचे काय? शहरात अशीच माणसे जास्त आहेत. त्यांच्यासाठी आमची एक सूचना आहे आणि ती नगरपालिकांपुढे आहे. जेथे जेथे प्राण्यांचे दहनगृह होईल, तेथे तेथे आवारात दोन-चार गुंठ्यांची एक बाग राखावी. तिच्या मातीत ज्याला हवी त्याला रक्षा मिसळू द्यावी. स्वतंत्र थडगी, चौथरे, उंच-नीच स्मारके काही नकोत. कडेने एक भिंत असावी आणि कचेरीत एक नोंदवही असावी, तिच्यात नाव आणि तारीख लिहिली जावी. जमीन नगराची, नोंद सर्वांना पाहता येण्यासारखी, आणि पायवाट रोजच्या येण्याजाण्याची: आतकूरचा लेख, न्यूस्टेडची नगर-मालकी आणि माहुलीची वहिवाट एका ठिकाणी आणण्यास याहून स्वस्त उपाय आम्हांस सुचत नाही.

आतकूरच्या पुजाऱ्याला पूजा केल्यावाचून जेवण्याची मनाई होती. आजच्या काळात अशी अट कोणाला घालता येणार नाही आणि घातली तर कोणी पाळणार नाही. पण दर वर्षी अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी त्यात त्या बागेच्या माळ्याचा पगार आणि पाण्याचा खर्च धरला आहे की नाही, एवढे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. तो प्रश्न विचारणारे दहा जण गावात असले म्हणजे त्या जागेच्या दिवाबत्तीची सोय झाली असे समजावे.